नंबर पुढचा म्हणजे अनुभव जास्त, असं नाही

अभिनंदन! आपल्या इंदूरचा, रामबागेतला पोरगा जेटच्या उजव्या सीटवर, को-पायलट म्हणून बसतोय, फार आनंद झाला.

तू विचारलंस, सिनिऑरिटी नंबर पुढचा म्हणजे अनुभवही जास्त का? हा नंबर, म्हणजे कंपनीच्या ज्येष्ठता यादीतला क्रमांक, साधारणपणे नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो. कमांडची (कॅप्टन होण्याची) पाळी, बेस (नेमणुकीचं शहर), सुट्ट्या त्यावर लागतात. कंपनी बदलली की हजारो तास उडवलेला माणूसही बहुधा यादीच्या तळाशी जातो. त्यामुळे तुझ्या मागच्या नंबरवाल्याकडे तुझ्या दुप्पट अनुभव असू शकतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. गप्प बसू नकोस. नवी मुलं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर डच विमान कंपनी केएलएमचा कॅप्टन कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, असं फ्लाइट इंजिनिअरने धुक्यात विचारलंही. कॅप्टन ठामपणे 'हो' म्हणाला आणि टेकऑफ चालूच राहिला. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

२. शंका आली की आकडा बोल. 'सर, मला जरा वाटतंय...' हे वाक्य कॉकपिटमध्ये विरून जातं. 'स्पीड दहा नॉट जास्त' ऐकू येतं.

३. नुसते तास मोजू नकोस. प्रत्येक फ्लाइटनंतर वहीत तीन ओळी लिही: काय दिसलं, काय ठरवलं, का.

एकदा पावसात इंदूरला उतरताना माझ्या शेजारची अगदी नवी मुलगी स्पष्ट आवाजात 'गो अराउंड' म्हणाली, म्हणजे न उतरता परत वर चला. मी लगेच थ्रस्ट दिला. का म्हणालीस, ते वर गेल्यावर विचारलं.

कमांड अपग्रेडचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. पहिले सहा महिने झाले की घरी ये, सविस्तर बोलू.