गाठीभोवतीच्या पेशी कोणाच्या बाजूने?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 63) फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे. गाठीभोवती रोगप्रतिकारक पेशींची गर्दी असल्याचे बायोप्सीच्या अहवालात लिहिले आहे. मग गाठ वाढते कशी? डॉक्टरांनी सुचवलेले प्रतिपिंडाचे औषध काय करते? शक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा द्यावा का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : गर्दी आहे म्हणजे लढाई चालू आहेच, असे नाही. मारक टी पेशी कर्करोगाच्या पेशी ओळखून नष्ट करतात. पण त्याच गर्दीत महाभक्षी पेशीही असतात, ज्यांचे एरवीचे एक काम जखम भरून आणण्याचे, आणि गाठीच्या संदेशांमुळे त्या तेच काम गाठीसाठी करू लागतात, नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि मारक पेशींना आवरतात. बी पेशींचे वर्तन पुष्कळदा अधिक आशादायक असते. गाठीलगत त्यांचे पुंजके तयार होऊन तेथे प्रतिपिंडे (ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रथिने) बनत असतील, तर अशा रुग्णांना उपचारांचा गुण अधिक येताना दिसतो.

औषधातले प्रतिपिंड मात्र कारखान्यात बनवलेले असते. मारक पेशीवर पीडी-1 नावाचा लगाम असतो. तो तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये शोधला आणि 2018 चे नोबेल त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह मिळाले. कर्करोगाची पेशी पीडी-एल1 हे प्रथिन पुढे करून हा लगाम खेचते. पेम्ब्रोलिझुमॅबसारखे औषध पीडी-1 ला चिकटून तो खेचू देत नाही. गाठीवर हल्ला करतात त्या वडिलांच्याच पेशी. औषध सुरू करण्याआधी बायोप्सीच्या पातळ कापावर दुसरे एक प्रतिपिंड घालतात आणि पीडी-एल1 असलेल्या पेशींच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. त्यांचे शेकडा प्रमाण अहवालात पाहावे. ईजीएफआर व एएलके जनुकांची तपासणी झाली आहे का, हेही अवश्य विचारावे, कारण त्यांत बदल असल्यास सहसा आधी गोळ्यांचा विचार होतो.

काढा देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. या औषधाने यकृताला सूज येऊ शकते आणि गुळवेलीनंतरही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही चालू असतील तर दोष कशाचा, हे कळणे कठीण होते. उपचारादरम्यान दम लागला, कोरडा खोकला वाढला किंवा जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रात्री मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) आकस्मिक विभागात जावे लागले, तर इम्युनोथेरपी, म्हणजे हे प्रतिपिंडाचे औषध, चालू असल्याचे आधी सांगावे. नाहीतर औषधाने आलेली फुप्फुसाची सूज साधा न्यूमोनिया समजली जाण्याचा धोका असतो.