काडतुसाची लांबी किती ठेवावी?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये .३०८ विंचेस्टर बोल्ट ॲक्शन रायफलसाठी घरी काडतुसं भरतो. गोळी १६८ ग्रेन मॅचकिंग. मॅन्युअल एकूण लांबी २.८०० इंच सांगतं. माझ्या रायफलीत गोळी आट्यांना (नळीतल्या पिळाच्या उंच कडांना) २.८६० वर टेकते. लांबी वाढवू का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : वाढवता येईल, पण आधी मॅगझिनची आतली लांबी मोजा. मॅन्युअलची २.८०० ही .३०८ च्या २.८१० या प्रमाणित कमाल लांबीच्या आत आहे, काडतूस कुठल्याही रायफलीत बसावं म्हणून ठरवलेली. तुमच्या रायफलीला तीच सर्वांत मानवेल असं नाही.

२.८६० हा आकडाही पुन्हा तपासा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करा, सपाट टोकाचा क्लीनिंग रॉड नळीच्या तोंडातून आत सोडा आणि तोंडापाशी रॉडवर खूण करा. बोल्टच्या तोंडावर इजेक्टरची पिन पुढे येत असेल तर ती दाबली जाऊन रॉड बोल्टलाच टेकला पाहिजे, नाहीतर माप चुकतं. आता बोल्ट काढा, चेंबरमधून गोळी आट्यांपर्यंत सरकवून पेन्सिलीने हलकेच धरा, रॉड तिच्या टोकाला टेकवून दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची लांबी. जोर लावलात तर गोळी आट्यांत रुतते आणि माप जास्त येतं, म्हणून तीनदा मोजा. मॅचकिंगची टोकं सारखी नसतात. एकेका काडतुसाची तुलना करताना कॅलिपरला कंपॅरेटर (गोळीच्या वक्र भागावर टेकणारी जोडणी) लावून बुडापासून ओजाइव्हपर्यंतच, म्हणजे गोळीच्या त्या वक्र भागापर्यंतच, मोजा.

आट्यांपासून ०.०२० इंच मागे, म्हणजे २.८४० पासून सुरुवात करा. मॅगझिनमध्ये अडत असेल तर अर्थात त्याहून कमी. मग २.८३०, २.८२० असं खाली येत प्रत्येकी पाच गोळ्या झाडून लक्ष्यावरच्या छिद्रांचा गट किती लहान येतो ते पाहा. ही गोळी उडीच्या (आट्यांपर्यंतच्या मोकळ्या अंतराच्या) बाबतीत फार चोखंदळ नाही, त्यामुळे २.८०० लाच उत्तम गट मिळाला तर तिथेच थांबा. अखंड तांब्याची गोळी मात्र ०.०५० इंच मागे ठेवून सुरू करावी.

आट्यांना टेकवून भरू नका. गोळीला मोकळी धाव मिळत नाही, दाब एकदम चढतो. न झाडता काडतूस काढताना गोळी नळीत अडकून दारू ॲक्शनमध्ये सांडते, ती वेगळीच डोकेदुखी. उलट गोळी फार खोल बसवली तर पुंगळीतली जागा घटते आणि दाब तसाही वाढतो. लांबी बदलली की दारू मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर आणा आणि तिथून हळूहळू वर चढा.