पत्नीच्या नावावरची मोटार आणि व्यवसायाच्या खर्चाची वजावट

प्रश्न : पाण्याचे पंप बसवण्याचा आणि दुरुस्तीचा माझा एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आहे. मे 2024 मध्ये 9 लाख रुपयांची मोटारगाडी घेतली. नोंदणी पत्नीच्या नावावर आहे. मात्र सुरुवातीची रक्कम आणि कर्जाचे सर्व हप्ते माझ्या व्यवसायाच्या चालू खात्यातून गेले आहेत. कर्जात मी सहकर्जदार आहे. 2024-25 च्या आयकर विवरणपत्रात मी घसारा (गाडीच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट), भरलेले 1,56,000 रुपयांचे हप्ते, इंधन, विमा व सर्व्हिसिंग हा सारा खर्च पूर्ण वजा केला. आता आयकर कायद्याच्या कलम 142(1) खाली नोटीस आली असून तपशील व किलोमीटरची नोंदवही मागितली आहे. घरच्या कामासाठीही गाडी वापरली जाते आणि नोंदवही ठेवलेली नाही. ती आता लिहून काढावी काय?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण तेथेच आपले सर्वाधिक नुकसान होऊ शकते. मागील तारखा घालून नोंदवही कृपया तयार करू नका. व्यवसायाचा वापर थोडा जास्त धरला गेला, तर वाद वजावटीच्या रकमेपुरता राहतो. परंतु बनावट नोंद सादर केली की तीच रक्कम चुकीच्या माहितीने दडवलेले उत्पन्न ठरू शकते, आणि कलम 270अ प्रमाणे दंड कराच्या 50 टक्क्यांऐवजी 200 टक्के होतो. शिवाय कलम 277 खाली खोट्या निवेदनाबद्दल खटलाही होऊ शकतो.

नोंदवही नसली तरी पुरावा नाही, असे समजू नका. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात. त्यांवरून वर्षभरात गाडी एकूण किती धावली हे जवळपास निश्चित होते. ग्राहकांना दिलेल्या बिलांवर तारीख आणि पत्ता असतो, त्यावरून प्रत्येक कामाचे जाण्यायेण्याचे अंतर काढता येते. फास्टॅगचा उतारा आणि पेट्रोलची बिले यांच्याशी त्या तारखा ताडून पाहा. अशा रीतीने केलेल्या तक्त्यावर ‘उपलब्ध कागदपत्रांवरून नंतर तयार केलेला तक्ता’ असे स्पष्ट लिहावे आणि मूळ कागद सोबत जोडावेत. समजा, एकूण 18,000 किलोमीटरपैकी 12,600 कामाचे निघाले, तर आपले प्रमाण 70 टक्के. कलम 38(2) मध्ये नेमकी हीच अपेक्षा आहे : मालमत्ता केवळ व्यवसायासाठी वापरली जात नसेल, तर घसारा, दुरुस्ती व विमा यांची वजावट वापराच्या रास्त प्रमाणात मिळते आणि ते प्रमाण निर्धारण अधिकारी (आपला कर तपासून ठरवणारे आयकर अधिकारी) ठरवतात. आपण आधार दिला नाही, तर ते आपल्या अंदाजाने कपात करतील आणि त्या अंदाजाला उत्तर द्यायला आपल्यापाशी काही राहणार नाही.

हप्त्यांच्या बाबतीत मात्र आपली मांडणी टिकणारी नाही. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात. मुद्दल हा भांडवली खर्च असून त्याची भरपाई कायदा घसाऱ्याच्या रूपाने करतो, म्हणून घसारा आणि पूर्ण हप्ता दोन्ही घेतल्यास एकच खर्च दोनदा वजा होतो. बँकेकडून व्याजाचे प्रमाणपत्र घ्या. त्यात व्याज 52,000 रुपये निघाले, तर उरलेले 1,04,000 रुपये वजावटीतून काढावे लागतील आणि व्याजाचेही 70 टक्के, म्हणजे 36,400 रुपयेच मिळतील. गाडी त्या वर्षात 180 दिवसांहून अधिक व्यवसायासाठी वापरली गेल्याने घसाऱ्याचा पूर्ण 15 टक्के दर लागू होतो : 9 लाखांवर 1,35,000 रुपये, त्यापैकी 94,500. इंधनालाही व्यवसायाच्या इतर खर्चाविषयीच्या कलम 37(1) नुसार हेच तत्त्व लावावे, कारण वैयक्तिक खर्च त्या कलमात बसत नाही.

राहिला मालकीचा मुद्दा. पत्नीच्या नावावर नोंदणी आहे एवढ्यामुळे घसाऱ्याचा हक्क आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये म्हैसूर मिनरल्स प्रकरणात घसाऱ्यापुरता ‘मालक’ या शब्दाचा व्यापक अर्थ स्वीकारला, आणि 2013 च्या आयसीडीएस प्रकरणात भाडेपट्ट्याने दिलेल्या वाहनांची नोंदणी दुसऱ्याच्या नावे असूनही देणाऱ्या कंपनीचा घसारा मान्य केला. त्या प्रकरणांची वस्तुस्थिती आपल्याहून वेगळी होती, त्यामुळे ती हुकमी ठरतील असे मी म्हणणार नाही. तथापि, पैसा व्यवसायातून गेला, कर्जाची जबाबदारी आपलीही आहे, मोटार व्यवसायाच्या ताळेबंदात आहे आणि पत्नीने त्या मोटारीवर घसारा घेतलेला नाही, हे चार मुद्दे कागदांनी सिद्ध झाले, तर आपली बाजू भक्कम होते. ताळेबंदात मोटार दाखवली आहे का, हे आजच तपासा. पत्रात आपण त्याचा उल्लेख केलेला नाही.

निर्धारणाची, म्हणजे विवरणपत्र तपासून कर ठरवण्याची, कार्यवाही चालू असताना कलम 139(8अ) खालील अद्ययावत विवरणपत्र (मुदतीनंतर जादा कर भरून दिले जाणारे) भरता येत नाही, म्हणून तो मार्ग आपल्याला बंद आहे. सुधारित विवरणपत्राची मुदत संपली असल्यास नोटिशीच्या उत्तरातच मुद्दलाची व वैयक्तिक वापराची रक्कम स्वतःहून वजावटीतून काढून करपात्र उत्पन्नात धरण्याची तयारी दाखवावी. दिलेल्या मुदतीत जमत नसेल, तर आयकर पोर्टलवरून मुदतवाढ मागा. गप्प राहू नका. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असला, तरी 2024-25 या वर्षाला 1961 चाच कायदा लागू राहील, त्यामुळे उत्तरात जुनीच कलमे नमूद करावीत.

आदेशात उत्पन्न वाढवले गेले, तर तो मिळाल्याच्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिन्यात, कर व व्याज भरून आणि अपील न करता, कलम 270अअ खाली दंडातून सूट मागता येते. चुकीची माहिती दिल्याचा ठपका असेल तर मात्र याच अटींवर ही सूट मिळेल असे गृहीत धरू नका.