शब्द कळत नसतानाही जुनी कंट्री आणि सॉफ्ट रॉक गाणी का रडवतात?

तुम्ही विचारलंय, इंग्रजी शब्द निम्मेसुद्धा कळत नसताना जुनी कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेली, आणि संथ, मऊ सॉफ्ट रॉक गाणी ऐकून गळा का दाटतो. मी आठ वर्षांची होते तेव्हा मला एकही शब्द कळत नव्हता, आणि तरी असंच व्हायचं.

माहीमला आमच्या शेजारी गोव्याची एक आंटी राहायची. अंकल बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. रविवारी मिस्साला जाऊन आली की आंटी जिम रीव्हजची कॅसेट लावायची. हा टेक्ससचा गायक १९६४ मध्ये स्वतः छोटं विमान चालवताना अपघातात गेला, पण गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत त्याचा आवाज पुढे कितीतरी वर्षं नांदत होता. एक ठरावीक गाणं लागलं की आंटी कांदा चिरता चिरता उठायची आणि टेपचा आवाज कमी करायची. आवडतं गाणं लोक मोठ्याने लावतात. ही बारीक का करते, हे मला कोडं होतं.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या बारीक आवाजातच आहे. सुरुवातीला रीव्हजही इतरांसारखा खुल्या, चढ्या आवाजात गायचा. १९५७ च्या 'फोर वॉल्स'पासून तो ओठ जवळजवळ मायक्रोफोनला टेकवून, खालच्या सुरात, बोलल्यासारखा गायला लागला. निर्माता चेट ॲटकिन्सने त्याला पाठिंबा दिला. चढा आवाज सभागृहासाठी असतो. इतका हळू आवाज आपण एकाच कुणासाठी तरी लावतो, आणि तो कानाशी आला की भाषेच्या आधी जवळीक कळते.

उरलेलं निम्मं उत्तर असं, की ज्याच्यासाठी हे हळू बोलणं चाललंय तो माणूस तिथे नसतोच. त्याची रिकामी जागा ऐकणाऱ्याला मिळते. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटरचं 'सुपरस्टार' (१९७१) घ्या. पुन्हा येईन म्हणून गेलेल्या गिटारवाल्याची एक मुलगी वाट बघतेय, आणि तिच्या वाट्याला आलाय तो त्याचा रेडिओवरचा आवाज, बस. कॅरन तेव्हा २१ वर्षांची होती. सुरुवातीच्या ओळी ती खूप खाली घेते, अगदी सावकाश. पुढे ३२ व्या वर्षीच ती गेली, पण हे मला माहीत नव्हतं तेव्हाही ते गाणं तितकंच लागायचं.

काही जण म्हणतात, हा सगळा जुन्या आठवणींचा खेळ. मला नाही पटत. कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' (१९८०) मी पस्तिशीत पहिल्यांदा ऐकलं, त्याला माझी कुठलीच आठवण चिकटलेली नव्हती. एका माणसाने तिला सांगितलेलं असतं, मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. १९६२ ची पत्रं त्याने उशाशी जपलीत आणि त्यांत जिथे जिथे 'आय लव्ह यू' आहे तिथे लाल रेघ मारलीय. आज त्याचं प्रेम थांबलं, असं गाणं सांगतं, आणि मग उमगतं की आज त्याला शेवटचं न्यायला आलेत. जोन्सला स्वतःला हे गाणं फारच उदास वाटलं होतं. मधला एक तुकडा तो गातच नाही, नुसता बोलतो: ती त्याला शेवटचं बघायला आली होती. त्या लाल रेघा मला अजून झोपताना आठवतात.

आणि स्टील गिटार! तारांवर पोलादी तुकडा सरकवून सूर ओढायची ही रीत हवाई बेटांवरची. तिथून ती आपल्याकडेही आली, गिटारवादक व्हॅन शिप्ले यांनी हिंदी सिनेमातली कितीतरी गाणी तिच्यावर वाजवली. म्हणून ती मींड आपल्या कानाला परकी वाटत नाही. कंट्रीवाल्यांनी तिला पायाने दाबायचं पेडल जोडलं. त्यामुळे एक सूर जागेवर थांबलेला असतो आणि दुसरा त्याच्यापासून हळूहळू सरकत जातो. कंट्री गाण्यात हे आलं की माझ्या पोटात खड्डा पडतो, शब्द कुठलेही असोत.

आंटीच्या त्या गाण्याचे शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळले. 'ही'ल हॅव टू गो', १९५९ चं. एक माणूस बारमधून प्रेयसीला फोन करतो. तिच्याजवळ दुसरं कुणीतरी आहे, हे त्याला माहीत आहे. तो म्हणतो, ओठ जरा फोनच्या जवळ आण, मी इथल्या माणसाला ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र) बारीक करायला सांगतो.

अंकलचा फोन आमच्या बिल्डिंगखालच्या वाण्याकडे यायचा. दुकानातला पोऱ्या वर हाक मारायला यायचा, आंटी ओल्या हातांनीच धावत जिना उतरायची, आणि तिने रिसीव्हर कानाला लावायच्या आत वाणी हात लांब करून आपला रेडिओ बारीक करायचा.