साठेखत, करारनामा, खरेदीखत, कन्व्हेयन्स: क्रियापद पाहा

प्रश्न असा आहे: "मालाडला एका सोसायटीत जुना फ्लॅट घेतोय. एजंट 'साठेखत करून टाकू' म्हणतो, वकील 'ॲग्रीमेंट' म्हणतात, विकणाऱ्याच्या इंडेक्स टूवर 'करारनामा' असं आहे, बँक विचारते खरेदीखत कधी, आणि सेक्रेटरी सांगतात की बिल्डिंगचं कन्व्हेयन्स अजून बाकी आहे. ही सगळी एकाच कागदाची नावं का? आणि साठेखतात साठा कसला?"

आधी साठा. तो तिथे नाहीच. मूळ शब्द साटं, साटंलोटं या जोडशब्दातला. साटं म्हणजे देवघेवीचा ठराव, सौदा. त्याचं खत ते साटेखत. बोलण्यात टचा ठ झाला आणि आज वकिलांपासून बँकांपर्यंत सगळे साठेखतच लिहितात. मुंबईतल्या गुजराती दलालांच्या तोंडी मात्र साटाखत असा ट शाबूत आहे. त्यांचा बानाखत हा दुसरा शब्द बान्यावरून, म्हणजे आपल्या विसारावरून आला. दस्तात साठेखत लिहिलं तर चूक म्हणू नये, रूढ झालेला शब्द आहे. खत म्हणजे लिहिलेला कागद, मूळ अरबी, गहाणखतात तेच. शेतात घालतात ते खत वेगळं.

आता कागद. साठेखत, विक्रीचा करारनामा आणि ॲग्रीमेंट फॉर सेल ही तिन्ही एकाच गोष्टीची नावं: पुढे विक्री करण्याचं वचन. खरेदीखत म्हणजे झालेली विक्री. फरक ओळखायला मथळा पाहू नका, क्रियापद पाहा. साठेखतात असतं: "उर्वरित रक्कम मिळाल्यावर खरेदीखत लिहून देण्याचे कबूल केले आहे." खरेदीखतात असतं: "सदर सदनिका आजरोजी कायमची विकत दिली असून संपूर्ण मोबदला भरून पावला आहे." एक वाक्य पुढच्या काळाकडे पाहतं, दुसरं व्यवहार मिटवतं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ नेमकं हेच सांगतं: नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, आणि १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवलेल्या दस्तानेच होते.

'खरेदीखत' हा शब्दही बघण्यासारखा आहे. लिहून देतो विकणारा, पण नाव मिळालं घेणाऱ्याच्या कृतीचं. खरेदी-फरोक्त या जोडीतला फरोक्त म्हणजे विक्री. तो बाजूला पडला आणि कागद खरेदीचा झाला. जुन्या दस्तांत 'खुषखरेदीखत' दिसतं. खूष म्हणजे आनंदी नव्हे, स्वखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय.

मुंबईत घोळ होतो तो मुद्रांक शुल्कामुळे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे ज्या करारात ताबा दिला आहे किंवा खरेदीखताआधीच देण्याचं ठरलं आहे, तो करारही अभिहस्तांतरणच, म्हणजे झालेली विक्रीच, धरला जातो आणि पूर्ण शुल्क तिथेच लागतं. मुंबईत सध्या ते ६ टक्के आहे, घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर ५. आणि नोंदणी फी १ टक्का, पण ३०,०००च्या वर नाही. शुल्क लागतं ते मोबदला, म्हणजे ठरलेली किंमत, आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर. म्हणजे १ कोटीच्या फ्लॅटला ६ लाख साठेखताच्या दिवशीच गेले. एवढे पैसे भरले म्हणजे विक्री झाली, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि तिथेच लोक थांबतात. थांबू नये. शेवटचा चेक वटला की खरेदीखत करून घ्या. त्यात आधीच्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख लिहिली की भरलेलं शुल्क वजा धरलं जातं. ते राहून गेलं आणि विकणारा वारला, तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

बिल्डरकडून थेट घेतलेल्या नव्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे सहसा नोंदवलेला करारनामा, पैसे पूर्ण झाल्यावर ताबापत्र, एवढंच फ्लॅटधारकाच्या हाती येतं. (आणि हा करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेराचं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याचं, कलम १३.) म्हणून तुमच्या विक्रेत्याच्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर, 'करारनामा' दिसला, तर त्याने थेट बिल्डरकडून घेतलं होतं का, हे विचारा. घेतलं असेल तर घाबरण्यासारखं नाही. त्याने स्वतःच पुनर्विक्रीत घेतलं असेल, तर त्याचं खरेदीखत मागा.

इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, एकदा नीट वाचा. पहिला रकाना 'विलेखाचा प्रकार'. विलेख म्हणजे दस्त. वर सांगितलेलं नाव इथे छापलेलं असतं. दुसरा मोबदला, तिसरा बाजारभाव. सातव्यात 'दस्तऐवज करून देणारा', म्हणजे विकणारा, आणि आठव्यात करून घेणारा, म्हणजे तुम्ही. नववा दस्त करून दिल्याचा दिनांक, दहावा नोंदणीचा. सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीला हजर व्हायचं असतं, उशीर झाला तर दंड, म्हणून या दोन तारखांतलं अंतर पाहा. नगर भूमापन क्रमांकात एक आकडा चुकला, तरी तो पेनाने खोडून सुधारता येत नाही. चूक दुरुस्तीपत्र नोंदवावं लागतं आणि त्यावरही दोघांच्या सह्या लागतात.

राहिलं कन्व्हेयन्स. मुद्रांकाच्या भाषेत प्रत्येक विक्री कन्व्हेयन्सच. पण मुंबईत कुणी "तुमचं कन्व्हेयन्स झालं का?" विचारलं, तर त्याला जमीन आणि इमारत बिल्डरकडून किंवा मूळ मालकाकडून सोसायटीच्या नावावर झाली का, एवढंच विचारायचं असतं. त्याचं सरकारी मराठी अभिहस्तांतरण: हस्तांतर म्हणजे या हातून त्या हाती, 'अभि' म्हणजे त्या दिशेने. तुमच्या खरेदीखताला ते अडवत नाही. पण पुनर्विकास निघाला की जमीन कुणाची हा प्रश्न पहिला येतो, म्हणून फ्लॅट घेताना विचारावं हे बरं.

१९६३च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत हे करून द्यायचं असतं. बिल्डरने टाळलं, तर कलम ११खाली जिल्हा उपनिबंधकांकडे सोसायटीने अर्ज करायचा. २००८ साली आलेली ही सोय म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. घाईत 'मानवी' वाचलं जातं. तो मानीव आहे: कोरीव, रेखीव, घोटीव यांच्या घडणीचा. कोरलेलं ते कोरीव, मानलेलं ते मानीव. बिल्डरने सही केली नाही, तरी ती झाली असं कायदा मानतो. अर्जावर ६ महिन्यांच्या आत निर्णय अपेक्षित असतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर दस्त मुद्रांकित करून नोंदवायचा आणि मग मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्ड, जमीन कुणाची याची सरकारी नोंद) सोसायटीचं नाव चढवायचं. हा शेवटचा फेरफार बऱ्याच सोसायट्या विसरतात. म्हणून सेक्रेटरींना "कन्व्हेयन्स झालं का" एवढंच विचारू नका, "मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे, दाखवा" असं विचारा.