झुरळाच्या जेलसाठी एफडी मोडून गोवा-कोल्हापूर गाठायचं काय?

बेळगावातल्या शहापूरच्या एका वाचक दादांचा प्रश्न आलाय. ते गुजरातच्या एका परवानावाल्या कारखान्यातनं झुरळाचं जेल आणि ढेकणाचं औषध आणतात, बेळगाव-खानापूरच्या दुकानांत टाकतात. महिन्याला दोनेक लाखाची विक्री आहे, पण गेलं वर्षभर आकडा हलेना. म्हणून क्रेडिट सोसायटीतली (पतसंस्थेतली) पाच लाखाची एफडी मोडायची, कमी पडलं तर वहिनींचं सोनं ठेवायचं आणि चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर आणि चोर्ला घाटातनं गोवा अशी नवी लाईन काढायची, असं त्यांच्या मनात आहे.

दादा, बाजार वाढवा, पण ह्या वाटेनं आत्ता नको.

पहिलं जीएसटी बघा. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत आहात, उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे होता. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. शिनोळी आपल्याला कितीही जवळची वाटू दे, कायद्याला ते महाराष्ट्र, तिथल्या दुकानात एक बॉक्स पाठवला तरी तुम्ही कंपोझिशनच्या बाहेर पडलात. कुणीतरी सांगेल वर्षाला ४० लाखाच्या उलाढालीच्या आत नोंदणीच लागत नाही, नंबरच सरेंडर कर. ती सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे, बाहेर विकायचं तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते.

आता तुमच्याच आकड्यात मांडतो. ट्यूब १०० ची, वर १८ टक्के म्हणजे ११८ ला पडते, दुकानदाराला १५० ला देता, एक टक्का गेला की हातात साडेतीस राहतात. रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत, त्याच १५० तनं १८ टक्के बाजूला काढले की १२७ उरतात, खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो वळता होतो, म्हणून माल १०० ला धरा, राहिले २७. साडेतीन रुपये ट्यूबमागे कमी, आणि हे घाटातलं डिझेल, पोराचा पगार धरायच्या आधी. जीएसटीवाला दुकानदार क्रेडिट मिळतंय म्हणून दहा रुपये जास्त देईलही, पण छोटा किराणावाला कशाला देतोय. आणि गोव्याच्या हॉटेलवाल्यांना क्रेडिटचं बिल पाहिजे म्हणताय, तर जे रेस्टॉरंट ५ टक्के जीएसटीत आहेत त्यांना क्रेडिट घेताच येत नाही, त्यांना फक्त भाव दिसतो.

पण माझा खरा अडसर उधारी. तुम्ही अगदी शेवटी, सहज म्हणून लिहिलंय की तीन लाख रुपये दुकानदारांकडं येणे आहे. दोन लाखाच्या विक्रीला तीन लाख येणे म्हणजे पैसा सरासरी दीड महिन्यानं हातात येतोय, आणि हे रोज तोंड बघायच्या गिऱ्हाइकांकडनं! नव्या लाईनला ४० दुकानं धरली, प्रत्येकाकडं पाच हजाराचा माल, दोन लाख बाहेर. पहिल्याचे पैसे यायच्या आत दुसऱ्या खेपेचा माल द्यावा लागणार, नाहीतर तो दुसऱ्याचा ब्रँड लावतो, झाले चार लाख. म्हणजे एफडी गाडी घ्यायच्या आधीच कपाटांत जाऊन बसली, आणि एक्स्पायरी जवळ आली की तेच बॉक्स धूळ खाऊन परत तुमच्याच दारात. गडहिंग्लजचा दुकानदार फोन उचलेना झाला तर प्रत्येक वेळी गाडी काढून जाणार काय?

गिऱ्हाईक गावातच आहे की. नेहरूनगर, टिळकवाडी, अनगोळकडं पीजी आणि हॉस्टेलं किती आहेत बघा, मेस, लॉज वेगळेच. खाटेच्या प्लायच्या फटीत, गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले की पोरं रूम सोडून जातात, त्यामुळं पीजीवाल्या काकू ढेकणाच्या औषधाला भाव करत बसत नाहीत. मेसमध्ये जाऊन सिंकखाली, कपाटाच्या बिजागरीजवळ जेलचे बारीक ठिपके कसे लावायचे ते एकदा दाखवा, ते पण रात्री, झुरळं बाहेर पडतात तेव्हा. दुकानदाराचं मार्जिन वाचतं, पैसे रोख. फक्त एक सांभाळा, दाखवणं वेगळं आणि पैसे घेऊन फवारून देणं वेगळं, पेस्ट कंट्रोलच्या कामाला स्वतंत्र लायसन लागतं.

हे चार महिने जमलं की मग संकेश्वर, निपाणी, गोकाक, बैलहोंगल. सगळं कर्नाटकात, कंपोझिशन शाबूत. गोकाक-बैलहोंगलला कन्नड बोलणारा पोरगा घ्या, आपली तोडकीमोडकी कन्नड बाजारात चालते पण उधारी वसूल करताना चालत नाही. लेबलवर हिंदी-इंग्रजीसोबत स्थानिक भाषा लागते, त्यामुळं कन्नड आहे का बघा, नसेल तर कारखान्याकडनं मंजूर असलेलंच मागवा, स्वतः स्टिकर छापून चिकटवू नका. चंदगडची माणसं तशीही बाजाराला बेळगावलाच येतात, रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडं माल भरपूर ठेवा, तो धंदा आपोआप होतोय.

पैशाचं म्हणाल तर एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात, त्यापेक्षा सोसायटीत एफडीवर कर्ज मिळतं का विचारा, लागतील तेवढे लाख-दीड लाखच उचला. जाता जाता, बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो तो पतसंस्थेला नसतो, त्यामुळं पुढं मुदत संपली की निम्मी रक्कम तरी बँकेत हलवा. सोनं ह्यात आणूच नका, वहिनींना विचारलंय का तेही पत्रात कुठं नाही.

तीन लाखाच्या येण्याची दुकानवार यादी काढा, ६० दिवसांच्या वर कोण कोण आहेत त्यांचा माल बंद करा, गणपतीच्या आत निम्मी वसुली झाली की मला कळवा. तेव्हा कोल्हापूरचा हिशोब परत मांडू, गोव्याचा त्याच्यानंतर.