आईला गोळ्यांची बाटली पाठवू नकोस

डॅलसहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर दारव्हा तालुक्यातलं, घरी बारा एकर कोरडवाहू. पत्रात पाच प्रश्न आहेत, पण मी अडकले ती पहिल्यावरच. ती लिहिते: "आई 68 वर्षांची आहे. गुडघे चार वर्षांपासून दुखतात. उठताना भिंत धरते. गावाकडं कुणी निघालं की मी त्यांच्याबरोबर आयबुप्रोफेनची पाचशे गोळ्यांची बाटली पाठवते, तिला इथल्याच गोळीनं बरं वाटतं. आता म्हणते एकीनं भागत नाही, दोन घेते. याहून ताकदीची कोणती पाठवू?" आणि दोन ओळी सोडून: "बीपीची गोळी सोडली तर तिला दुसरा काही आजार नाही."

पोरी, माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. ही दोन वाक्यं तू वेगवेगळी लिहिलीस, पण तुझ्या आईच्या पोटात ती रोज एकत्रच जातात. ताकदीची गोळी राहू दे, आहे ती बाटलीच आधी बंद कर.

मी हे इतकं ठासून का सांगते? माझी आई दिग्रसजवळच्या खेड्यात राहायची. मीही तुझ्यासारखीच बाटल्या पाठवायची. त्या वर्षी मे महिन्यात पारा 45 च्या पुढं गेलेला. आईला दोन दिवस उलट्या झाल्या, पाय सुजले, लघवी जवळजवळ बंद झाली. भावानं गाडी करून तिला यवतमाळला नेलं. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते, 5.2 निघालं. डॉक्टर म्हणाले, आजी घेतात ती सगळी औषधं आणा. भावानं घरून पिशवी आणून टेबलावर रिकामी केली. त्यात बीपीची गोळी होती, गावच्या मेडिकलातून आणलेली ॲसिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीची पाकिटं होती आणि माझी बाटली होती. बाटलीवर मी माझ्या हातानं चिठ्ठी चिकटवली होती, आईला वाचता यावं म्हणून मराठीत: "दुखलं की घे."

तिला तर रोजच दुखत होतं.

दोनदा डायलिसिस करावं लागलं. किडनी सावरली, पण पूर्ववत झाली नाही. ती चिठ्ठी भावानं फोटो काढून मला दाखवली, रागानं नाही, डॉक्टरांनी विचारलं म्हणून.

आता यात घडतं काय ते नीट समजून घे. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी सूज येते आणि दुखतं. ही गोळी ती द्रव्यं अडवते म्हणून आराम पडतो. पण तीच द्रव्यं किडनीकडं रक्त नेणारी बारीक नळी मोकळी ठेवतात. शरीरात पाणी कमी पडलं की किडनीची सगळी भिस्त त्यांच्यावर असते, आणि नेमकी तेव्हाच आपण ती गोळीनं बंद पाडतो. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर ती किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करते, म्हणजे गाळायला लागणारा दाब आणखी उतरतो. त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असलं, आणि ते पुष्कळदा असतं, तर तिसरा मार बसला. आईच्या बीपीच्या पाकिटावरची नावं वहिनीकडून वाचून घे. शिवाय दुखण्याची ही गोळी बीपी वाढवते आणि पोटात व्रणही करते.

तुला आठवत असेल, किंवा तुझ्या आईला नक्की आठवेल, गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. ती का नाहीशी झाली? गाई-बैलांना डायक्लोफेनॅकची सुई देत, मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची किडनी बंद पडे. 2004 मध्ये हे कारण सापडलं आणि 2006 मध्ये आपल्या सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाची किडनी त्याहून पुष्कळ जास्त सोसते, म्हणून माणसांना ते औषध आजही देतात, आणि थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली ते उपयोगीही पडतं. पण 68 वर्षांच्या, बीपी असलेल्या, मे महिन्यात वावरात जाणाऱ्या बाईनं वर्षानुवर्षं स्वतःच्या अंदाजानं ते खावं, असं कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला आई दवाखान्यातून घरी आल्यावर कळली. मी विचारलं, इतक्या उन्हात तू पाणी का पीत नव्हतीस? म्हणाली, "पानी पेलं का उठा लागते न बाई, अन् उठ्याचं म्हटलं का जीवावर येते." संडास अंगणाच्या टोकाला, उकिडवं बसायचं. रात्री जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर घोटभरही नाही. गुडघा दुखतो म्हणून पाणी तोडायचं, आणि दुखतो म्हणून वरून ती गोळी. तुझ्या आईला आज फोन करशील तेव्हा गुडघा कसा आहे हे नंतर विचार, आधी विचार सकाळपासून किती पाणी प्यालीस.

म्हणून पैसे पाठवायचेच असतील तर बसण्या-उठण्याच्या उंचीवर खर्च कर. कमोड बांधायला जमत नसेल तर मधे भोक असलेली कमोडची खुर्ची यवतमाळ-अमरावतीच्या सर्जिकल दुकानात मिळते, ती आहे त्या भांड्यावर ठेवता येते. बाजेच्या चारी पायांखाली विटा लाव, आई उठून बसली की तिचा गुडघा कमरेपेक्षा खाली राहिला पाहिजे. विळी जमिनीवरून उचला, भाजी टेबलावर सुरीनं चिरू दे. आणि उकिडवं बसून निंदण आता पुरे. तू लिहितेस, "गरज नाही तरी बायांबरोबर निंदायला जाते." जाऊ दे तिला, बायांत तिचा जीव रमतो, पण धुऱ्यावर खुर्ची नेऊन द्या. तिनं तिथं बसून देखरेख करावी.

मग व्यायाम. बाजेवर बसायचं, एक पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, खाली. असे दहा, मग दुसरा पाय, दिवसातून दोन वेळा. दुसरा व्यायाम आडवं पडून: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबायची. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. पहिले पंधरा दिवस आई म्हणेल काही फरक नाही. दोन महिने धरून ठेव. माझ्या आईचे आकडे मी फोनवरून मोजायची, तिच्या सकाळी साडेसहाला. काठीही घेऊ दे, पण दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. डावा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. माझी मावशी वर्षभर त्याच बाजूला धरून चालली आणि काठीचा उपयोग नाही म्हणत राहिली.

चोळायला डायक्लोफेनॅकचं जेल आहे. ते रक्तात फार थोडं जातं, आणि गावच्या मेडिकलातही मिळतं, इथून पाठवायची गरज नाही. पण तेही किडनीची तपासणी झाल्यावर, डॉक्टरला विचारून. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी याच आठवड्यात करून घे, तालुक्याला होते. तोवर आईला सांग: ही बाटली बंद, मेडिकलवाला दुखण्यावर देतो ती दुसरी पाकिटंही बंद, बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही. उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवशीच दवाखाना गाठायचा. कुणी पुडीत बांधून बिननावाची गोळी देत असेल तर ती अजिबात नको, त्यात स्टेरॉइड असू शकतं. आणि सकाळी सांधे तासाभराहून जास्त वेळ आखडत असतील, बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो झिजेचा नाही, आमवाताचा प्रकार असू शकतो, त्याचं औषध वेगळं. तेव्हा वाट न पाहता सेवाग्राम किंवा नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखव.

मला ठाऊक आहे, तू बाटली का पाठवतेस. आपण तिथं नाही ही बोच असते, आणि बॅगेत आईसाठी काही भरलं की ती थोडी कमी होते. मीही तशीच भरायची. पण सखे, बाटलीवर चिठ्ठी लिहून आपलं काम संपत नाही. ती तिथं कुणासोबत, किती, कशावर घेते हे विचारायला आपण फोन करत नव्हतो, तू नाहीस आणि मीही नव्हते.

बाकीचं थोडक्यात. सांध्यांसाठी म्हणून विकतात ती ग्लुकोसामिनची गोळीही पाठवू नकोस, अमेरिकेतल्याच संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं 2019 मध्ये गुडघ्यासाठी ते घेऊ नका असं सांगितलंय. ऑपरेशनसाठी आईला इकडं आणायचा विचार सोड. पाहुण्यांचा विमा जुन्या दुखण्याला सहसा पैसे देत नाही, आणि भारतात 2017 पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. ती वेळ आली तर तिकडंच करा, आधी व्यायामाचे तीन महिने होऊ देत. "भाऊ लक्ष देत नाही" म्हणतेस, तर भावाशी भांडू नकोस. गोळ्या वहिनी काढून देते, फोन तिला कर आणि गोडीनं कर. मुलगा आजीशी मराठीत बोलत नाही, तर त्याला व्यायामाच्या वेळी आकडे मोजायला बसव, एक ते दहा, मराठीत.

रिपोर्ट आला की मला कळव. बीपीच्या पाकिटावरचं नावही लिहून पाठव, अर्धवट नको, पूर्ण.